डब्यावरचा सैनिक आणि टेबलावरची फौज



आज पेपरवाचन नाही, सांख्यिकी नाही, गाइडला कसं गाठावं हेही नाही. आज समीक्षा लिहायची आहे, आणि तीसुद्धा प्लॅस्टिकच्या सैनिकांच्या रंगकामाची. संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांनी हे का वाचावं, ते वाचता वाचता कळेल. नाहीच कळलं तर शेवटी मी सांगतेच.

मी हे लिहितेय तेव्हा समोर दिव्याखाली दहा निळे सैनिक उभे आहेत. प्रत्येकाची उंची साधारण ३५ मिमी. हे दहा जण रंगवायला मला दीड वर्ष लागलं. तीनदा रंगवले, मधे दोनदा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून टूथब्रशने घासून सगळा रंग उतरवला. त्याच दीड वर्षात माझ्या थिसिसचं दुसरं प्रकरणही जागचं हललं नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक होती, असं आता मला वाटतं. ती चूक नीट समजायची तर आधी एका शैलीची परीक्षा करावी लागेल.

खेळ काय आहे

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ. इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९८७ साली आणला. मूळ नियमपुस्तक रिक प्रीस्टली यांचं. कथेचा काळ नावातच आहे: इसवी सन चाळीस हजारच्या आसपास, आकाशगंगाभर पसरलेलं आणि सडत चाललेलं माणसांचं साम्राज्य, आणि न संपणारं युद्ध. दोन खेळाडू आपापली फौज घेऊन येतात, फासे टाकतात, टेपने अंतर मोजतात.

पण फौज तयार मिळत नाही. डब्यातून निघतात ते राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले हात, पाय, डोकी, बंदुका. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, प्रायमर मारायचा आणि मग रंगवायचे. स्पेस मरीन म्हणजे चिलखती अतिमानव सैनिकांची नेहमीच्या आकाराची फौज घेतली तर पन्नास-साठ सैनिक सहज होतात. या छंदातले कित्येक जण खेळण्यापेक्षा रंगवण्यातच जास्त वेळ घालवतात, आणि त्यात गैर काही नाही.

आपल्याकडे याचा एक जवळचा नातेवाईक आहे: दिवाळीचा किल्ला. कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे आठवा. अंगरख्याला एकच रंग, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, मिशीची एक रेघ. बुरुजावर ठेवून अंगणातून बघितलं की मावळा अगदी मावळाच दिसायचा. हातात घेतला तर एक डोळा गालावर आलेला असायचा. पण हातात घेऊन निरखायला तो केलेलाच नव्हता. एवढी साधी गोष्ट मला सातव्या वर्षी कळत होती आणि सत्ताविसाव्या वर्षी मी ती विसरले.

डब्यावरचा सैनिक

कंपनीचा स्वतःचा रंगकाम करणारा चमू आहे. त्याचं नाव ‘एव्ही मेटल’. हे नाव १९८०च्या दशकात कंपनीच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकातल्या सदरातून रूढ झालं. तेव्हा सैनिक धातूचे ओतलेले असत, म्हणून हा ‘हेवी मेटल’वरचा विनोद, सुरुवातीचा ‘ह’ खाऊन टाकलेला. डब्यावर, मासिकात, नियमपुस्तकात जे सैनिक तुम्ही बघता ते बहुतेक याच चमूच्या हातचे.

या शैलीचा नमुना म्हणून अल्ट्रामरीन पलटणीचा एक साधा शिपाई घेऊ. चिलखत गडद निळं. पत्र्यांच्या सांध्यांत त्याहून गडद सावली. मग प्रत्येक पत्र्याच्या प्रत्येक कडेवर फिक्या निळ्याची बारीक रेघ, आणि जिथे दोन कडा मिळतात त्या कोपऱ्यावर जवळजवळ पांढुरका ठिपका. खांद्याच्या कवचावर पांढरं चिन्ह, भोवती सोनेरी काठ. शिरस्त्राणाच्या डोळ्याची लाल काच एका टोकाला काळपट, दुसऱ्या टोकाला नारिंगी, आणि वर एक पांढरा बिंदू. बंदूक काळी, तिच्या कडा राखाडी. चिलखतावर मेणाची लाल मोहोर, तिला लटकलेली चर्मपत्राची पट्टी, आणि त्या पट्टीवर अक्षरं वाटावीत अशा बारीक आडव्या रेघा.

आता नीट बघा आणि स्वतःला विचारा: प्रकाश कुठून येतोय?

कुठूनच नाही. छातीची वरची कड उजळलेली आहे तशीच नडगीच्या कवचाची खालची कडही. असा एकही दिवा नाही जो एकाच वेळी सगळ्या कडा उजळेल आणि मधले सपाट भाग तसेच सोडेल. म्हणजे हे वास्तवाचं अनुकरण नाहीच. ही रेखाटनाची रीत आहे. कॉमिक्समध्ये आकृतीभोवती काळी रेघ असते, इथे तीच रेघ फिकी करून मूर्तीवर काढली आहे. त्रिमितीय वस्तूवर चित्राची रेषा ओढायची, म्हणजे वस्तू हातात असतानाही चित्रासारखी स्पष्ट वाचता येते. ‘एव्ही मेटल’ शैलीचं खरं यश हे आहे, आणि ते लहान नाही. प्रत्येक पत्रा वेगळा, कडक, घडवलेला आहे असं ती रेघ सांगते.

अल्ट्रामरीनांना हे शोभतंही. कथेत ते नियमपुस्तकाबाहेर पाऊल न टाकणारे आहेत. त्यांचं चिलखत इस्त्री केल्यासारखं दिसावं हे ठीकच. पण हीच स्वच्छता सगळ्या फौजांवर येते तेव्हा माझी तक्रार सुरू होते. ज्या जगात दहा हजार वर्षं जुनी यंत्रं चालवायची विद्या विसरलेले पुजारी त्यांना धूप दाखवतात, तिथल्या सैनिकाचं चिलखत शोरूममधून आत्ताच काढल्यासारखं का दिसावं? कथा सडण्याबद्दल बोलते आणि रंग नव्या कोऱ्या मालाबद्दल. ही विसंगती डबा विकायला उपयोगी असेल, पण कलाकृती म्हणून ती मला खटकते.

एक ऐकीव स्पष्टीकरण

सावल्या आणि उजळ कडा मुळात रंगवायच्याच कशाला? या छंदात शिरल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हाला उत्तर मिळतं: “वस्तू लहान असली की तिच्यावर प्रकाश नीट पडत नाही, म्हणून सावल्या आपण काढायच्या.” मीही हे दोन वर्षं इतरांना सांगत होते. माझा पीएचडीचा विषय प्रकाशाचं स्कॅटरिंग आहे, तरीही सांगत होते! ऐकीव स्पष्टीकरणं अशीच टिकतात.

जरा विचार करा. दिवा पुरेसा लांब असेल तर वस्तूचा कुठला भाग उजेडात आणि कुठला सावलीत हे फक्त कोनांवर ठरतं. पुतळा सहा फुटांचा असो वा साडेतीन सेंटीमीटरचा, कोन तेच राहतात. म्हणजे सावलीचा आकारही त्याच प्रमाणात तोच. पटत नसेल तर न रंगवलेला राखाडी सैनिक खिडकीशी ठेवून मोबाइलने अगदी जवळून फोटो काढा. सगळ्या सावल्या जागच्या जागी दिसतील. प्रकाश आपलं काम चोख करतोय.

मग कमी पडतं कोण? आपला डोळा.

डोळ्याचं गणित

चांगल्या दृष्टीचा माणूस साधारण एक कोनीय मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. एक मीटर अंतरावर याचा अर्थ होतो सुमारे ०.२९ मिमी. मोठ्या खेळाचं टेबल ६० इंच बाय ४४ इंच असतं, म्हणजे दीड मीटर बाय एक मीटरहून थोडं जास्त. समोरच्याची फौज तुम्ही बहुतेक वेळ एक मीटरच्या आसपासच्या अंतरावरून बघता. चांगल्या हाताने ओढलेली कडेची रेघ साधारण ०.२ मिमी. म्हणजे खेळताना ती रेघ तुमच्या डोळ्याच्या मर्यादेच्या खाली आहे.

इथे घाई करू नका. “मर्यादेच्या खाली” म्हणजे “दिसत नाही” असं नव्हे. आकाशातला तारा एका मिनिटापेक्षा कितीतरी लहान कोनाचा असतो, तरी दिसतो. फक्त त्याचा आकार कळत नाही. तसंच इथे. फिकी रेघ असेल तर कड उजळ आहे एवढं कळतं. ती रेघ सरळ आहे का वाकडी, एकसारखी आहे का तुटक, हे कळत नाही. मी ज्या सुबकपणासाठी दोनदा रंग उतरवला तो नेमका या न कळणाऱ्या खात्यात जमा होता.

दुसरी बाब. डोळ्याला उजेड-सावलीतला फरक सगळ्या मापांत सारखा टिपता येत नाही. बऱ्यापैकी उजेडात तो सगळ्यात चांगला टिपला जातो साधारण एका अंशात तीन ते पाच पट्टे असतील तेव्हा. पट्टे त्याहून बारीक झाले की फरक ठळक केल्याशिवाय जाणवत नाही. एक मीटरवर एक अंश म्हणजे सुमारे १७.५ मिमी. हिशोब केला तर उजळ-गडदची एक जोडी साधारण चार मिमीची हवी, म्हणजे एकेक भाग दोन मिमीचा. सैनिकावर दोन मिमी म्हणजे काय? दंड, बंदूक, मांडी, खांद्याचं कवच. टेबलाच्या अंतरावरून डोळा शोधतो ते हे मोठे ठोकळे. खांदा दंडापासून सुटा दिसतो का? बंदूक छातीत बुडून जाते का? सावल्या रंगवायच्या त्या यासाठी, आणि म्हणूनच त्या वास्तवापेक्षा भडक असाव्या लागतात.

आता तोच सैनिक मोबाइलवर बघा. ३५ मिमीचा सैनिक पडद्यावर दहा सेंटीमीटर होतो आणि तुम्ही तो तीस सेंटीमीटरवरून बघता. टेबलावर तो तुमच्या नजरेत दोन अंशांचा होता, इथे जवळजवळ एकोणीस अंशांचा. ०.२ मिमीची रेघ आता सहा मिनिटांहून मोठी झाली. तिची प्रत्येक थरथर दिसते. डब्यावरच्या आणि मासिकातल्या फोटोंचंही थोड्याफार फरकाने हेच.

म्हणून माझं पहिलं निदान असं: ‘एव्ही मेटल’ ही फोटोसाठी घडलेली शैली आहे. ज्या अंतरासाठी ती घडली त्या अंतरावर ती उत्तमच आहे. गेम्स वर्कशॉपची ‘गोल्डन डीमन’ नावाची रंगकामाची स्पर्धा १९८७पासून आहे, आणि तिथे एकेक सैनिक काचेमागे नाक लावून बघितला जातो. तिथेही हा सुबकपणा योग्यच. घोटाळा होतो तो ही मोजपट्टी साठ सैनिकांच्या फौजेला लावल्यावर. माझ्या वेगाने त्या पद्धतीचा एक सैनिक म्हणजे चार तास. साठ सैनिक म्हणजे दोनशे चाळीस तास. आठवड्याला पाच तास मिळाले तर अठ्ठेचाळीस आठवडे, आणि तेही एकदाही रंग न उतरवता. कपाटात न रंगवलेल्या राखाडी प्लॅस्टिकचा ढीग साठत जातो, आणि या छंदातली माणसं त्याला हसत हसत ‘लाजेचा ढीग’ म्हणतात.

दुसऱ्या वाटा

असं नाही की कंपनीच्या घरात दुसरी शैली नव्हती. जॉन ब्लांश हे वर्षानुवर्षं तिथले कला दिग्दर्शक होते. त्यांनी स्वतः रंगवलेले सैनिक बघा. काविळीसारखा पिवळट, मातकट, गंजका लाल, भरपूर वॉश, रंगांची संख्या अगदी मोजकी. जवळून बघाल तर “हे काय, मळलंय नुसतं” असं वाटेल. पण पाच-सहा एकत्र उभे केले की सगळे मिळून एकच चित्र होतं, आणि त्या चित्रात या विश्वाचा कुबट वास येतो. रंग कमी ठेवल्यामुळे फौज एकसंध वाचली जाते. माझ्या मते कथा आणि रंग यांचा मेळ ब्लांश यांनी जितका घातला तितका डब्यावरच्या सैनिकाने कधी घातला नाही.

तिसरी वाट २०१९ची. त्या वर्षी कंपनीने ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग आणले. त्याआधी वर्षानुवर्षं डंकन ऱ्होड्स कंपनीच्या व्हिडिओंतून नवशिक्यांना एकच मंत्र देत होते: रंगाचे दोन पातळ हात मारा. कॉन्ट्रास्टने सांगितलं, एकच जाड हात मारा. तत्त्व सोपं आहे. रंग पारदर्शक आहे आणि वाहता आहे. उंचवट्यावरून तो खाली सरकतो आणि खाचेत साठतो. थर जितका जाड तितका प्रकाश जास्त शोषला जातो, आणि उरलेला प्रकाश सरळ प्रमाणात नव्हे, घातांकी प्रमाणात घटतो; हा बीअर-लॅम्बर्टचा नियमच. त्यामुळे खाच गडद, उंचवटा फिका, आणि सावली आपोआप तयार. खाली फिकं अस्तर हवं, एवढीच अट.

मग माझे दहा मरीन मी कॉन्ट्रास्टने का रंगवले नाहीत? रंगवले होते. दुसऱ्या वेळी तेच केलं होतं. आणि इथे या रंगाची मर्यादा कळली. केस, कातडी, स्नायू, किड्यांची कवचं अशा खडबडीत पृष्ठांवर तो सुरेख बसतो. स्पेस मरीनचं खांद्याचं कवच म्हणजे गुळगुळीत घुमट आणि मांडीचं कवच जवळजवळ सपाट. तिथे रंगाला वाहून जायला खाचच नाही. तो मधेच थबकतो, वाळताना कडेकडे रंगद्रव्य ओढून नेतो आणि डाग सोडतो. कॉफीचा थेंब वाळल्यावर कडेला गडद वर्तुळ राहतं ना, त्याच प्रकारचं हे काम. थेंबाची कड पृष्ठाला अडकून राहते, तिथलं पाणी भरभर उडतं, ती तूट भरायला आतला द्रव कणांसकट कडेकडे धावतो. शिकागोच्या गटाने १९९७ साली याचं स्पष्टीकरण दिलं. मी तो पेपर लॅबमध्ये कितीदा वाचला असेल! घरी त्याच डागावर चिडून मी रंगालाच वाईट ठरवलं. साधन वाईट नव्हतं, मी त्याला चुकीच्या पृष्ठावर लावलं होतं.

दहा गुणांचा नियम

आता मला या सगळ्यातली सगळ्यात शहाणी वाटणारी गोष्ट. ती रंगाच्या डबीत नाही, नियमपुस्तकात आहे. २०२० साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून स्पर्धात्मक खेळाच्या एकूण शंभर गुणांपैकी दहा गुण फौज रंगवलेली असण्याचे आहेत. पातळीचं नाव ‘बॅटल रेडी’, म्हणजे लढाईला तयार. मुख्य भागांना रंग, पायाखालच्या तळाला साधी सजावट, बस. त्याच्यावर ‘परेड रेडी’ ही दुसरी पातळी आहे, संचलनाला तयार. तिच्यासाठी जास्तीचे गुण नाहीत.

या नियमावर टीका होते, आणि तिच्यात तथ्य आहे. ज्याचे हात थरथरतात, ज्याला वेळ नाही, त्याला खेळातले गुण का गमवावे लागावेत? मला हे पटतं. रंगकाम हा खेळातल्या कौशल्याचा भाग नाही. तरीही नियमाने एक मोलाचं काम केलं: ‘पुरेसं’ म्हणजे काय याची व्याख्या लिहून दिली. गंमत अशी की ज्या कंपनीचा डबा तुम्हाला परेडचा सैनिक दाखवतो, तीच कंपनी नियमात म्हणते की लढाईपुरतं रंगवा. दोन्ही वाक्यं एकाच डब्यात येतात. माझं लक्ष फक्त पहिल्याकडे गेलं.

दादाची फौज

आमच्या लॅबमध्ये मला दोन वर्षं सीनिअर असलेला सांगलीचा एक दादा होता. या छंदाची दीक्षा त्यानेच दिली. त्याची फौज ऑर्कांची, हिरव्या कातडीचे दांडगट, शंभरच्या वर. त्याने ती पाच-सहा आठवड्यांत उरकली होती: प्रायमर, हिरवा, तपकिरी, वरून सरसकट काळपट वॉश, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग घासायचा, ज्याला ड्रायब्रश म्हणतात. दात आणि डोळे तेवढे मन लावून. तळाच्या कडा मात्र प्रत्येकाच्या सारख्याच काळ्या आणि स्वच्छ. एक ऑर्क हातात घेतला तर मला पन्नास चुका दिसायच्या. टेबलावर शंभर उभे राहिले की अंगावर काटा यायचा.

“तुझी फौज रंगून झाली की आपण खेळू,” तो म्हणायचा. मी म्हणायचे, “दादा, थांब ना, अजून कडा बाकी आहेत.” एका सप्टेंबरात त्याने थिसिस सबमिट केला, व्हायवा झाला, दुसऱ्या देशात नोकरी लागली. जायच्या आदल्या संध्याकाळी तो घरी आला. मी दहा सैनिक समोर ठेवले. त्याने एक उचलला, दिव्याखाली फिरवला, मग हात लांब करून बघितला.

“सुंदर झालेत गं,” तो म्हणाला. “पण मी खेळू कुणाशी?”

तो खेळ राहिलाच.

त्याच सुमारास गाइडने माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या मसुद्यावर बोट ठेवलं. त्यात एक आकृती होती. तिच्यावर मी तीन आठवडे घालवले होते: रंगपट्टी, आतली छोटी आकृती, अक्षरांची जाडी, सगळं मोठ्या जर्नलमधल्यासारखं. आणि लहान कोनांवरची मोजमापं, ज्यांच्यावर प्रकरणाचा निष्कर्ष उभा राहायचा होता, ती घ्यायचीच राहिली होती. त्यांनी एवढंच विचारलं, “ही आकृती कोण बघणार आहे? आणि किती लांबून?” मला पटकन दादाचा लांब केलेला हात आठवला.

म्हणून निकाल

समीक्षा आहे, तर निकाल द्यायलाच हवा. ‘एव्ही मेटल’ ही या छंदातली सगळ्यात कसबी शैली आहे आणि फौजेसाठी ती चुकीची मोजपट्टी आहे. फौज रंगवणं ही एक सैनिक रंगवण्याची साठपट मोठी आवृत्ती नाही. ती वेगळी कला आहे, तिचे गुण वेगळे: दुरून ओळखू येणारी बाह्यरेषा, मोठ्या भागांमधला ठळक फरक, मोजके रंग, सारखे तळ, आणि पूर्ण होणं. शेवटचा गुण मी मुद्दाम मोजतेय. अर्धी फौज ही फौज म्हणून बघताच येत नाही.

आणि याचा अर्थ “कसंही चालेल” असा लावू नका. त्या दहांनंतर मी उरलेल्यांना वॉश आणि ड्रायब्रश केलं. निळे सैनिक दोन्ही पद्धतींचे शेजारी ठेवून मीटरभर मागे सरकले तर कुठले कुठले ते मलाच सांगता येईना. पण काळ्या चिलखताचा एक पुजारी-सरदार होता, त्याच्या बाबतीत तोच उपाय सपशेल फसला. ड्रायब्रशने काळा रंग धुळकट झाला, आणि तो न करावा तर दुरून नुसता काळा डाग. त्याला कडेची रेघच हवी होती. म्हणजे ‘एव्ही मेटल’च्या त्या रेघेला काम आहे, ते काम कुठे आहे हे अंतर ठरवतं. जिथे रेघेवाचून आकार हरवतो तिथे ती हवीच.

आता तुमच्यासाठी. संशोधनाला सुरुवात कराल तेव्हा तुमच्या समोर सगळे डब्यावरचे सैनिक असतील. छापलेले पेपर, चकचकीत आकृत्या, सीनिअर्सचे बांधलेले थिसिस. कुणी कितीदा रंग उतरवला ते त्यांत दिसत नाही. त्यांच्याकडून शिका, पण पहिल्या मसुद्याला ती मोजपट्टी लावू नका. काहीही करायला घेताना गाइडचा प्रश्न आधी विचारा: हे कोण बघणार, किती लांबून? ग्रुप मीटिंगची आकृती पाच मिनिटं बघितली जाते, तिथे अक्ष आणि एकक बरोबर असले की झालं. नोंदवही तुम्हीच बघणार, पण तीन वर्षांनी, म्हणून तारीख आणि नमुना क्रमांक कधीच सुटता कामा नये. परीक्षक प्रकरण जवळून बघतील, पण त्यांची नजर जाईल ती प्रश्नावर, पद्धतीवर आणि चुकीच्या अंदाजावर, म्हणजे तुमच्या एरर बारवर. तिथे ०.२ मिमीची काळजी घ्या. बाकी ठिकाणी ड्रायब्रश.

माझी फौज आता त्रेपन्न सैनिकांची झाली आहे. सगळे रंगवलेले, तळांच्या कडा काळ्या. दुसरं प्रकरण मागच्या महिन्यात गाइडकडे गेलं, जुन्या आकृतीच्या जागी एक साधी आकृती आणि लहान कोनांची सगळी मोजमापं घेऊन. सुरुवातीचे दहा जण मी पुन्हा रंगवले नाहीत. ते पहिल्या रांगेत उभे असतात आणि टेबलापलीकडून कुणालाच वेगळे ओळखू येत नाहीत. दादाला फोटो पाठवला, मुद्दाम लांबून काढलेला. त्याचं उत्तर आलं: “डिसेंबरात येतोय. टेप तयार ठेव.”

भेटू पुढच्या लेखात. तोवर तुमच्या कपाटातला ढीग एकदा बाहेर काढून मोजा.